विषम आठवड्यांचं विरजण

रविवार, १ नोव्हेंबर

आजपासून रोज लिहायचं. माणसं ऐकत नाहीत, वही तरी ऐकेल.

पेर्निलाचा फोन. घटस्फोट झाल्यापासून ही बाई फोन करते ती फक्त धमकी द्यायला. म्हणाली, टॉर्गनी, एम्बलाच्या हिरड्या परत सुजल्यात. दातांना ब्रेसेस लावल्यापासून बघतेय, तुझ्याकडून आली की घासताना रक्त. जानेवारीत मोठी तपासणी आहे. तेव्हाही हेच असेल तर ब्रेसेस निघेपर्यंत ती माझ्याकडेच राहील. आणि ती पंधराची झालीये, तिलाही विचारू आपण.

मी म्हणालो, विचार की. पोरगी बापाची आहे.

ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला. 'बरं' इतकं वाईट म्हणणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

ब्रेसेस निघायला अजून दीड वर्ष. तोवर एम्बला सतराच्या उंबरठ्यावर, मग कसला बापाचा आठवडा आणि कसलं काय. सम आठवडे आईचे, विषम आठवडे माझे, हे चार वर्षं चालू आहे. विषम आठवड्यात मी माणूस असतो. सम आठवड्यात मी नुसता पार्किंग इन्स्पेक्टर.

निश्चय: जानेवारीपर्यंत एम्बलाच्या हिरड्या अशा करायच्या की दवाखान्याने फोटो काढून भिंतीला लावावा.

सोमवार, २ नोव्हेंबर. आठवडा ४५, माझा.

एम्बला शाळेतून परस्पर आली. सोबत एक डबी. दवाखान्यात म्हणे प्रयोग चाललाय. ब्रेसेसवाल्या मुलांना चांगल्या जंतूंच्या गोळ्या द्यायच्या, रोज सकाळ-संध्याकाळ चघळायला, आणि हिरड्यांची सूज उतरते का बघायचं. अर्ध्या मुलांना जंतूंच्या गोळ्या, अर्ध्यांना बिनजंतूंच्या. कोणाला कुठल्या, ते कोणालाच माहीत नाही.

सही कोणी केली विचारलं. एम्बला म्हणाली, मीच, पंधरा पूर्ण आहेत ना मला. पंधराव्या वर्षी मोपेड चालवता येते, प्रयोगात नाव घालता येतं. बाप काय फक्त जेवायला घालायला.

एक गोळी चाखून बघितली. गोड! पुदिना, पण गोड. आमच्या घरात गोड फक्त शनिवारी. माझ्या वडिलांच्या घरात हाच नियम होता, या देशातल्या प्रत्येक शहाण्या घरात आहे. डबी कपाटात टाकली. एम्बला म्हणाली, बाबा, ते औषध आहे. मी म्हणालो, औषध कडू असतं.

शनिवार, ७ नोव्हेंबर

आठवडाभराच्या सगळ्या गोळ्या एका वाटीत काढून शनिवारच्या खाऊशेजारी ठेवल्या. घे, मनसोक्त चघळ. एम्बला हसत सुटली. म्हणाली, बाबा, तू खरंच असा आहेस की मुद्दाम करतोस? खाऊ खाल्ला, गोळ्यांना हात लावला नाही. टाकायच्या कशाला, मीच संपवल्या. चव बरी आहे.

सोमवार, ९ नोव्हेंबर

एम्बला आईकडे. दुपारी दवाखान्यातून फोन. लिसेलॉट नावाची बाई, हिरड्या तपासणारी. शनिवारच्या वाटीचं तिला एम्बलाकडून कळलं होतं. आवाज असा की वाटावं फावड्याने बर्फ खरवडतेय. म्हणाली, गोळ्या रोजच्या रोज घ्यायच्या असतात, एकदम नाही. आणि खरं काम ब्रशचं आहे. ब्रेसेसच्या फटीत घाण अडकते, ती दोन्ही वेळा निघाली पाहिजे. गोळी म्हणजे वरची साय, दूध नव्हे.

मी शांतपणे विचारलं, तुमच्या गोळीत जंतू आहेत की नाहीत? म्हणाली, ते मलाही माहीत नाही, प्रयोग असाच असतो.

म्हणजे बघा. डबीत काय आहे हे जिला माहीत नाही ती मला शिकवणार. मी लोकांच्या गाडीच्या काचेवर दंडाची पावती लावतो तेव्हा ती कशाबद्दल आहे हे मला तरी माहीत असतं.

बुधवार, ११ नोव्हेंबर

सकाळी दही खाताना डोक्यात लख्ख उजेड पडला. जंतू! ते तर माझ्या फ्रिजमध्ये आहेत.

हिल्डूर आत्या गेली तेव्हा बाकीच्या भावंडांनी चमचे आणि घड्याळं वाटून घेतली. मी तिच्या बुर्त्रेस्क गावाहून विरजण आणलं. उत्तरेचं खरं दही. चमचा उचलला की कोपरापर्यंत तार सुटली पाहिजे, नाहीतर ते दही नव्हे. तेव्हापासून ते विरजण मी एकदाही मरू दिलेलं नाही. लग्न मोडलं, विरजण टिकलं. आत्या म्हातारपणापर्यंत स्वतःच्या दातांनी कडक पाव खायची. (सगळे स्वतःचे नव्हते, पण पुढचे होते.)

त्यांच्या गोळीतले जंतू कुठल्यातरी प्रयोगशाळेत जन्मलेले, आईबापाचा पत्ता नाही. माझे खानदानी आहेत.

आता बघा म्हणावं.

सोमवार, १६ नोव्हेंबर. आठवडा ४७, माझा.

उपचार सुरू. पद्धत अशी: संध्याकाळी जेवणानंतर दह्याचा मोठा वाडगा. वरून गडद पाक आणि आल्याची बिस्किटं कुस्करून, कारण जंतूंनाही खायला लागतं, उपाशीपोटी कोण काम करतं? आणि त्यानंतर दात घासायचे नाहीत. घासले की जंतू मेले. सकाळीसुद्धा नुसती चूळ. रात्रभर राबलेल्यांना पहाटे हाकलून द्यायचं, ही कुठली रीत? दवाखान्याच्या गोळ्या बंद. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

एम्बलाने चमचा वर धरला, तार बघितली आणि विचारलं, बाबा, हे दही आहे की शेंबूड? पण खाल्लं. पाकामुळे असेल. मग म्हणाली, दात न घासता झोपायचं? हॅम्पुस म्हणतो की रात्रीचं घासणं सगळ्यात महत्त्वाचं.

हॅम्पुस म्हणतो! हॅम्पुस म्हणजे पेर्निलाचा नवा. बालवाडीत शिकवतो, दाढीवाला बाप्या दिवसभर गिटार घेऊन चिमण्यांची गाणी म्हणतो. त्याने एम्बलाला विजेचा ब्रश दिलाय. नीट घासलं की त्यावर हसरा चेहरा उमटतो. तो ब्रश मी काढून घेतला आणि कपाटात बंद केला. या घरात हॅम्पुसचं काहीही हसणार नाही.

एम्बलाने रिकामा वाडगा धुऊन ठेवला.  

शनिवार, २१ नोव्हेंबर

एम्बलाचं तोंड जरा वास मारतंय. आंबूस. शुभलक्षण. जंतू रुजले.

सोमवार, २३ नोव्हेंबर

छोटी तपासणी. मी कामाच्या वेळात मुद्दाम गेलो, दह्याची बरणी घेऊन. म्हटलं, प्रयोगच करायचा तर बरोबरीने होऊ दे: एकीकडे तुमच्या गोळ्या, एकीकडे हे. झाकण उघडून काउंटरवर नमुना दाखवताना थोडं सांडलं. तार संगणकाच्या कीबोर्डपासून फरशीपर्यंत गेली आणि तुटेना. काउंटरवरची मुलगी किंचाळली. या लोकांनी आयुष्यात खरं दही पाहिलेलं नाही.

लिसेलॉट बाहेर आली. म्हणाली, हिरड्या लाल आहेत, हात लावला की रक्त येतंय, आठवडाभर ब्रश लागलेला दिसत नाही. पेर्निला माझ्याकडे बघत होती. तिच्यासोबत आलेला हॅम्पुस फरशी पुसायला लागला. कोणी सांगितलं होतं?

मी त्यांना समजावलं की दह्याला अंमल चढायला आठवडा लागतो. म्हणजे आज जे दिसतंय ते गेल्याच्या आधीच्या आठवड्याचं फळ. तेव्हा एम्बला कोणाकडे होती?  पेर्निला एवढंच म्हणाली, टॉर्गनी, मुलीच्या तोंडातून रक्त येतंय आणि तू बरणी घेऊन आलायस.

बाहेर आलो तर हॅम्पुसची गाडी. मागचं चाक रेघेवर. कर्तव्य म्हणजे कर्तव्य, पावती लावली. तो आला, वाचली आणि म्हणाला, बरं केलंस टॉर्गनी, माझं लक्षच नव्हतं. वर हसला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? चिडला असता तर दिवस सत्कारणी लागला असता.

गुरुवार, ३ डिसेंबर. आठवडा ४९, माझा.

खिडकीत नाताळचा दिव्याचा तारा लावला. एम्बला खुर्चीवर चढली, मी वायर धरली. छान वाटलं. दरवर्षी हा तारा माझ्याच आठवड्यात लागतो, असं ती म्हणाली. मला माहीत नव्हतं की तिच्या हे लक्षात आहे.

एक नवीन गोष्ट. रोज संध्याकाळी दही खाल्लं की पोरगी वाचनालयात जाते. थंडी असो, बर्फ असो, जाकीट चढवते आणि निघते. पुस्तक परत करायचंय म्हणते. पूर्वी पुस्तकाला हात लावायची नाही. मी वाचलंय की पोटातल्या जंतूंचा मेंदूशी संबंध असतो. दह्याचे हे फायदे त्यांच्या प्रयोगात मोजलेच जात नाहीत.

सोमवार, १४ डिसेंबर

विजय! विजय! आजच्या तपासणीत हिरड्या पुष्कळ सुधारल्या. लिसेलॉट स्वतः म्हणाली, छान, असंच चालू ठेवा.

पेर्निला म्हणाली, अर्थात, माझा आठवडा होता. आम्ही तिघं रोज रात्री एकत्र घासतो. तिघं! आरशासमोर! हॅम्पुस गिटार वाजवत असणार.

अडाणी बाई. अंमल चढायला आठवडा लागतो, हे मी सांगितलं होतं. आजचं फळ आठवडा ४९चं, म्हणजे माझं. माझ्या आठवड्यानंतर वाईट दिसतं ते तिच्या आठवड्यामुळे, आणि तिच्या आठवड्यानंतर चांगलं दिसतं ते माझ्यामुळे. इतकं सोपं आहे. दवाखान्यात शिकलेली एवढी माणसं, एकाच्या डोक्यात हे शिरत नाही.

घरी आल्यावर एम्बलाला सांगितलं, बघ, आपण जिंकतोय. तिने मान हलवली. जरा थकलेली वाटली.

गुरुवार, १७ डिसेंबर

पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आणलं. बघता बघता उडालोच. या वर्षाला त्रेपन्न आठवडे आहेत!

नाताळचा आठवडा बावन्न. तो सम, म्हणून पेर्निलाचा. त्यानंतर त्रेपन्न, विषम, माझा. आणि त्यानंतर नवीन वर्षाचा आठवडा एक. तोही विषम. तोही माझा! लागोपाठ दोन! असं वर्ष पाच-सहा वर्षांतून एकदा येतं, आणि ते नेमकं आत्ता आलंय. अकरा जानेवारीच्या मोठ्या तपासणीआधी अख्खा पंधरवडा एम्बला माझ्याकडे. पेर्निलाच्या घराची सावलीसुद्धा पडणार नाही. देव मी मानत नाही, पण कॅलेंडर मानतो.

पेर्निलाला फोन. म्हणाली, काहीतरीच काय, एक आठवडा तुझा, एक माझा, असं ठरलंय. मी म्हणालो, चूक. सम तुझे, विषम माझे, असं ठरलंय. हे शब्द तुझेच. घटस्फोटाच्या वेळी वकिलासमोर तूच बोलली होतीस, कारण तुला नाताळ हवा होता.  मग म्हणाली, तपासणीच्या आधी सलग दोन आठवडे तुझ्याकडे नको रे. प्लीज. प्लीज म्हणाली! घटस्फोटाचा कागद दाखवायचीही गरज पडली नाही, नियम म्हणजे नियम.

शेवटी म्हणाली, एम्बलाला विचार.

एम्बलाला विचारलं. ती काही वेळ कॅलेंडरकडे बघत बसली. वाचनालय नाताळात उघडं असतं का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, बंद असतं, पण तुला आता पुस्तकांची काय कमी, मी आहे ना. मग म्हणाली, ठीक आहे बाबा, येते.

बघ पेर्निला. पोरगी बापाची आहे.

गुरुवार, २४ डिसेंबर. आठवडा ५२, तिचा.

नाताळ. एकट्यापुरता डुकराच्या मांसाचा हॅम मिळतच नाही, सगळे कुटुंबाचे. चार दिवस तोच खायचा. टीव्ही लावला, बंद केला. विरजणाला ताजं दूध घातलं. अजून चार दिवस.

सोमवार, २८ डिसेंबर. आठवडा ५३, माझा.

आली. घर घर वाटायला लागलं. वाडगा डबल.

बुधवार, ३० डिसेंबर

 आज रागातच लिहितोय.

पेट्रोल पंपाजवळ ड्यूटी होती. उणे वीस अंश थंडी. बघतो तर पंपाच्या संडासातून एम्बला बाहेर पडतेय. म्हटलं, मुलगा असणार. नाहीतर तपकिरीच्या पुड्या ओठाखाली ठेवायला शिकली असणार, हल्ली सगळी पोरं ठेवतात. रात्री तिच्या जाकिटाचे खिसे तपासले.

टूथब्रश! साधा, निळा. आणि फटींत घालायचे ते बारीक ब्रशही, पेस्टची नळीसुद्धा.

विचारलं, हे काय? लाजली नाही, पळाली नाही. सरळ म्हणाली, वाचनालय बंद आहे म्हणून पंपावर जाते. म्हणजे इतके दिवस वाचनालयात पुस्तकं नव्हतीच! तिथल्या संडासात उभी राहून ही पोरगी माझ्या जंतूंची कत्तल करत होती. मी म्हणालो, घरात विश्वासघात, बापाच्या पाठीमागे? ती म्हणाली, घरात घासलं की तू चिडतोस ना बाबा. चिडतो म्हणे! मी कधी चिडतो? हे मी तिला पंधरा मिनिटं ओरडून सांगितलं.

आता कळलं, माझ्या आठवड्यानंतर रक्त का येत होतं. उपचार रोज रात्री धुऊन जात होता. ब्रश हॅम्पुसच्या ब्रशशेजारी कपाटात. किल्ली माझ्या खिशात. आता कुठे खरा प्रयोग सुरू होतोय.

एम्बला म्हणाली, बरं. अगदी आईसारखं म्हणाली.

शुक्रवार, १ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प: एक, जंतूंवर विश्वास. दोन, कोणालाही न रागावणे, हॅम्पुस सोडून. तीन, तपासणीनंतर एम्बलाला घेऊन बुर्त्रेस्कला आत्याच्या थडग्यावर जाणे आणि निकाल सांगणे.

सोमवार, ४ जानेवारी. आठवडा १. माझा!

माझा आठवडा संपला की इतर कुठल्याही सोमवारी ती गेली असती. गेली नाही. सकाळी उठून तिच्या खोलीच्या दारात उगाच उभा राहिलो.

गुरुवार, ७ जानेवारी

कडक पाव खाववत नाही म्हणते, हिरड्या दुखतात. समजावलं की आत लढाई चालली आहे. चांगले जंतू वाईट जंतूंना मारतायत. लढाईत थोडं रक्त सांडतंच. ती म्हणाली, बाबा, थोडं नाहीये. दही मात्र खाल्लं, कारण दुसरं काही चावता येत नाही.

पेर्निलाने तिला फोन केला होता. एम्बला खोलीत जाऊन बोलली. कान दिला. म्हणत होती, नाही गं आई, ठीक आहे, नको येऊस, त्याला वाईट वाटेल.

कोणाला वाईट वाटेल, ते नीट ऐकू आलं नाही.

शनिवार, ९ जानेवारी

उशीवर रक्ताचा डाग. मी घाबरलो नाही. अभ्रा बदलला, गरम पाण्यात भिजवला, मग पुन्हा एकदा जाऊन तिच्याकडे बघून आलो. तोंड उघडं टाकून झोपली होती. खालच्या दातांपाशी हिरडी फुगून ब्रेसेसच्या बटणांवर चढलीये. वर्षापूर्वी असं नव्हतं. मागच्या महिन्यातही नव्हतं.

हा लढाईचा शेवटचा टप्पा असतो. असणारच.

रविवार, १० जानेवारी

एम्बलाने ब्रश मागितला. भांडून नाही, साधा मागितला. बाबा, आज तरी दे, उद्या लिसेलॉट बघणार आहे. मी म्हणालो, एक रात्र. एकच रात्र कळ काढ, तोंडाशी आलेला घास कशाला घालवायचा? तिने हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

मी उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.

सोमवार, ११ जानेवारी

लिसेलॉटने आरसा तोंडात घातला आणि लगेच काढला. काही न बोलता डॉक्टरला बोलवायला गेली. डॉक्टर तरुण पोरगा, त्याने दोनदा बघितलं. म्हणाला, ब्रेसेसचं काम थांबवावं लागेल. आधी हिरड्या. त्या बऱ्या नाही झाल्या तर ब्रेसेस अर्ध्यातच काढाव्या लागतील. मग मला विचारलं, गेले पंधरा दिवस काय झालं?

मी अंमल चढायला लागणाऱ्या आठवड्याबद्दल सांगायला लागलो. लिसेलॉट म्हणाली, आधीचा आठवडा कोणाकडे होता? मी म्हणालो, माझ्याकडे. ती म्हणाली, आणि त्याच्या आधीचा? मी म्हणालो, तोही माझ्याकडेच.  खोलीत ते थुंकी ओढायचं नळकांडं नुसतं आवाज करत होतं.

बाहेर पेर्निला. तिने एम्बलाचं तोंड बघितलं आणि रडायला लागली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडण्याला द्यायची उत्तरं मी तयार करून आलो होतो.

एम्बला माझ्याकडे आली. हळूच म्हणाली, बाबा, मी आईकडे राहते आता. मी म्हणालो, हे आईने शिकवलंय. ती म्हणाली, आई काही बोललीच नाहीये. मी वाचनालयात जाऊन घासायचे ना, ते तुझ्यासाठी. मला वाटायचं हिरड्या बऱ्या राहिल्या तर तुझा आठवडा कोणी काढून घेणार नाही. पंपावर पण त्याच्यासाठीच जात होते. तू ब्रश घेतलास, मग मी काय करणार होते?

तिचा ओठ सुजलेला होता, त्यामुळे शब्द नीट येत नव्हते. तरी सगळे कळले.

हॅम्पुसने कॉफीचा कागदी कप माझ्या हातात दिला. मी घेतला. त्याची गाडी बघून आलो. रेघेच्या आत, पैसे भरलेले.

गुरुवार, १४ जानेवारी

सम आठवडा. काही लिहिण्यासारखं नाही. रस्त्यावर एकालाही पावती लावली नाही. साहेबाने विचारलं, बरं नाही का?

सोमवार, १८ जानेवारी. आठवडा ३. माझा.

चादर बदलली होती. पाच वाजेपर्यंत खिडकीत. आली नाही. येणार नव्हती हे ठरलेलं होतं, पण मनात म्हटलं, सवयीने येईल. बसमधून सवयीने या बाजूला उतरेल.

संध्याकाळी तिचा मेसेज. बुधवारी तासभर येऊ का? जेवून येते.

नोंद करण्यासारखी गोष्ट: हे तिने स्वतः सुचवलं. कोणी भाग पाडलेलं नाही. म्हणजे बापाशिवाय तिला राहवत नाही. बुधवारपासून सुरुवात, मग बुधवार-गुरुवार, मग हळूहळू पूर्ण आठवडा. घाई करायची नाही. मांसाचे गोळे करायचे, तिला आवडतात. जेवून येते असं म्हणायची पद्धत असते, आली की खाईल.

बुधवार, २० जानेवारी

आली. बूट काढले, जाकीट काढलं नाही. थंडी वाजतेय म्हणाली. हीटर पूर्ण होता.

मांसाचे गोळे ताटात वाढले. म्हणाली, जेवलेय बाबा, खरंच. दिसतायत मस्त. मी एकटा खात बसलो, ती समोर बसली. हिरड्या कशा आहेत विचारलं. उतरतेय सूज, म्हणाली, आणि ओठ वर करून दाखवलं. गुलाबी. आठ-नऊ दिवसांत. गोळ्या घेतेस का, विचारलं. घेते, पण माझ्या बहुतेक बिनजंतूंच्याच आहेत, लिसेलॉट म्हणते त्याने काही बिघडत नाही, घासणं महत्त्वाचं. मी विषय बदलला. शाळा कशी आहे. बरी आहे. मोपेडचा परवाना काढणार आहे. हॅम्पुस शिकवतोय? हो.  मधे एकदा ती उगाच हसली, मला बरं वाटावं म्हणून.

तास व्हायच्या आत उठली. दारात मी म्हणालो, पुढच्या बुधवारी? म्हणाली, बघते.

ती गेल्यावर वही उघडली. पेर्निलाचं नाव लिहिलं, पुढे काही सुचलं नाही. लिसेलॉटचं लिहिलं, खोडलं. हॅम्पुसबद्दल तर काहीतरी सापडेलच म्हणून बराच वेळ बसलो. दोन्ही आठवडे माझेच होते. आज दोष कोणाला द्यायचा ते सापडत नाहीये.